मासळीवालीचा शेवटचा भाग

१६ नोव्हेंबर २००६, गुरुवार. कोबे. जेवणाच्या टेबलावर कात्री, डिंकाची बाटली आणि एका जपानी चित्रकथेचा बारावा भाग. चित्रातल्या माणसांच्या तोंडून निघालेल्या फुग्यांवर मी मराठी चिठ्ठ्या चिकटवते आहे. मराठी म्हणजे आमची वऱ्हाडी, जिच्यात बाईही 'मी जातो' म्हणते आणि 'जाऊन राह्यलो' म्हणजे जातो आहे. चित्रातला हेर त्याच्या साहेबाला सांगतो, "साहेब, मी नाही जात त्या बाईच्या मांगं. दरवेळी मासोया गळ्यात मारते थे माह्या." हे पार्सल उद्या टपालात पडायला हवं. आधीचे सगळे भाग माझ्या ताईच्या मुलीकडे, पल्लवीकडे, असेच चिठ्ठ्या लावून गेले आहेत. पल्लवी अमरावतीला होस्टेलात राहून एम.कॉम. करते. हा रविवार सोडून पुढच्या रविवारी अकोल्याला तिचं साक्षगंध आहे. साखरपुड्याला आम्ही साक्षगंध म्हणतो. ते होणार की मोडणार हे आज दुपारपासून माझ्या तोंडावर अवलंबून आहे. हात काहीतरी करत राहावा म्हणून चिठ्ठ्या कापते आहे.

मी घर सोडलं ते बडनेरा स्टेशनावरून. लग्न नुकतंच झालं होतं, मिस्टर इथल्या कापडाच्या निर्यातीच्या ऑफिसात होते. माझे आबा अचलपूरच्या मळ्यात फुलं काढायचे आणि परतवाड्याच्या बाजारात विकायचे. त्या दिवशी ते शेवंतीची टोपली घेऊनच फलाटावर आले आणि डब्यातल्या अनोळखी बायकांना ओंजळ ओंजळ फुलं वाटत सुटले. बाजारात ते नेहमी म्हणत, "वरतून मूठभर टाकल्याबिगर गिऱ्हाईक वापस येत नाही." फलाटावर मात्र एक शब्द बोलले नाहीत. बोलली ती आई. "तिथं कोनी ओयखीचं नाही. मानूस पाहाचा असन त त्याच्या घरी नोको जाऊ, कामावर जाय. घरी सारेच धुतलेले असतात." गाडी हलली. मी रडले नाही, कारण मांडीवरची लोणच्याची बरणी सांडत होती.

इथं आल्यावर पहिली दोन वर्षं मी मुकीच होते. मग डबे बनवणाऱ्या एका किचनमध्ये काम धरलं. तिथल्या मोरिताबाईंनी मला ही चित्रकथा दिली. त्या शाळकरी होत्या तेव्हा मुलींच्या मासिकात ती दर महिन्याला यायची. मुलींसाठीच्या अशा चित्रकथांना इथं शोजो मांगा म्हणतात. अवघड अक्षरांच्या शेजारी बारीक, सोप्या अक्षरांत उच्चार छापलेला असतो, म्हणून माझ्यासारखीला शिकायला बरं. पुस्तक उजवीकडून उघडतं. त्याचं मला काही वाटलं नाही. अचलपूरला शेजारच्या सुलतानाआपांची उर्दू पुस्तकं तशीच उघडत.

आता गोष्ट. नाव मी मराठीत 'बंदरावरची मासळीवाली' असं केलं आहे. कीनू नावाची मुलगी गुप्तहेर खात्यात लागते. बंदराच्या गावात एक तरुण संगीतशिक्षक आहे, तो परक्यांचा हेर असल्याचा संशय आहे, त्याच्यावर तिनं नजर ठेवायची. त्यासाठी ती मासळी विकायला बसते. अडचण अशी की मासळी ती फार चांगली विकते. धंद्यात रमते आणि मास्तर समोरून निघून गेला तरी तिला पत्ता नसतो. तिचा साहेब वेष बदलला की शिंकायला लागतो आणि दरवेळी पकडला जातो. तिकडे मास्तरलाही कीनूवर नजर ठेवायचा हुकूम आहे. एकमेकांचं बिंग दोघांनाही लवकरच कळतं, पण कोणीच बोलत नाही. बोललं तर रोज भेटायचं कारण संपतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा किचनच्या मागच्या पायरीवर बसून मी इतकी हसले की मोरिताबाई पाणी घेऊन आल्या. हे तर आमचंच आहे, त्यांना सांगू कसं! आमच्याकडे स्थळ आलं की गुपचूप माणूस पाठवून चौकशी करतात. कोणी बैलजोडी पाहायला म्हणून जातो, कोणी पाहुण्याचा पाहुणा म्हणून. माझ्या वेळी आबा मिस्टरांच्या गावी संत्र्याचे व्यापारी बनून गेले आणि खरोखर संत्री घेऊन आले. "पोरगा कसा हाय?" आईनं विचारलं. आबा म्हणाले, "थे राह्यलंच. पन माल पाह्य, काय माल हाय!" आईला दुसरा माणूस पाठवावा लागला.

तुमच्यापैकी जे तिकडे आहेत त्यांनी ही चित्रकथा पल्लवीकडून मागून घ्यावी, माझ्या चिठ्ठ्यांसकट. जे माझ्यासारखे इकडे आले आहेत त्यांनी वाचनालयात जाऊन शोधावी. तिच्यात खूप हसू आहे, पण सातव्या भागापासून ते विरतं. तोवर खेळ वाटणारी नजर तिथं खरी होते. कीनू जे लिहून देईल त्यावर मास्तरचं जगणं ठरणार असतं.

कर्जापायी तिकडे शेतकरी जीव देत आहेत त्या या वर्षांत ताईचा अवेळी फोन आला की मी आधी विचारते, "कोनाच्या घरचं?" कधी आमच्या ओळखीतल्या घरचं असतं, कधी पलीकडच्या गावचं. ताई नाव सांगते, मग ती भाजीचं काहीतरी बोलते. दिवाळीच्या सुमारास असाच फोन आला. मी विचारलं. ती म्हणाली, "अव, चांगलं हाय! पल्लवीले स्थळ आलं. नांदगाव खंडेश्वरचा पोरगा, प्रशांत नाव. तुयाच गावात कॉम्प्युटरच्या नोकरीवर हाय. सुट्टीवर आला तवा पाहून गेला, दोघांची पसंती हाय. मले फक्त शेतीवाला नोको होता बाई. तू जरा पाहून घे त्याले. पन समजू देऊ नोको."

"कसं पाहू?"

"आपल्याकडं कसं पाहतेत? तसंच."

पल्लवीनं मागून फोन ओढून घेतला. "मावशी, मी तुयाकडंच येऊन राह्यलो! मले मोरिताबाई दाखवजो. बंदर दाखवजो." हे बंदर तिच्या डोक्यात मीच भरलं होतं, एकेक चिठ्ठी चिकटवून.

आईचा सल्ला धरून मी त्याच्या कामावर गेले. आमच्या किचनचे डबे दुपारी त्याच्या ऑफिसच्या इमारतीखाली विकायला जातात. मी ती फेरी मागून घेतली. पांढरी टोपी, तोंडावर मास्क, जपानीत नमस्कार. फोटोवरून त्याला ओळखला. रांगेत घुसत नव्हता. डबा खाऊन परत द्यायचा तेव्हा त्यात भाताचं शीत नसायचं. सोबतच्यांशी हसून बोलायचा, पण एकटा असला की समोरच्या बागेत बाकावर बसून फोनवर कोणाशी तरी खालच्या आवाजात वाद घालायचा. ते मला खटकलं. बाई असेल, असं मनात आलं. ताईला मात्र "पाहून राह्यलो" एवढंच कळवत राहिले.

आज दुपारी त्यानं डबा घेतला, झाकण उघडून पाहिलं आणि माझ्याकडे बघत सरळ म्हणाला, "मावशी, लोनचं हाय काय?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"तुमी पल्लवीच्या मावशी ना?" तो म्हणाला. "रोज माह्या डब्यात एक भजं जास्त येते. बाकी कोनाच्याच नाही. इथं डब्यात वरतून टाकते कोनी? मले वाटलं, हे बाई आपल्याकडचीच हाय."

गाजर-कांद्याचं ते तळण त्याला भजंच वाटत होतं, आणि खरं म्हणजे मलाही. आबांचा हात माझ्या हातात आहे. रोज टाकत होते आणि माझं मलाच कळलं नव्हतं.

"आन् तू?" मी मास्क खाली ओढला. "तुले मावशी कोबेत असते हे कोनं सांगतलं?"

तो जरा लाजला. "मायनं. म्हने, पोरीची मावशी तिथंच हाय, मानसं कशी हायेत पाहून ये. डब्यावरचा पत्ता पाहून मी तुमच्या किचनसमोरून दोन-चार चकरा मारल्या. तुमी कोनाले तरी कोबी नीट चिरत नाही म्हून झापून राह्यल्या होत्या."

इथवर मला हसू येत होतं. मग मी विचारलं, "बागेत बसून कोनासंग भांडतं?"

"मामासंग." त्यानं डबा बंद केला. "शेंदूरजनाघाटले मामाची रोपवाटिका हाय, संत्र्याच्या कलमांची. मी येत्या मार्चमधी नोकरी सोडून तिथं जाऊन राह्यलो. कायमचा. मामा म्हनते नोको येऊ, मी म्हनतो येतो."

"तुया बापाले माहीत हाय?"

"नाही. बाबा साऱ्या गावाले सांगून राह्यले, पोरगं जपानात हाय."

"पल्लवीले?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. म्हणाला, "मावशी, साक्षगंध होऊ द्या. मग मी सोताच सांगतो. आता सांगतलं त मोडते. आमच्या गावात वावरवाल्या पोराले कोनी पोरगी देत नाही, तुमाले माहीत हाय. आन् मले पल्लवी आवडली. खोटं नाही बोलत."

खोटं तो बोलत नव्हता. पण सांगतही नव्हता. पल्लवी जपान समजून हो म्हणणार आणि शेंदूरजनाघाटला जाऊन उतरणार. साक्षगंधानंतर मोडलं की बोट पोरीकडेच जातं, हे मला कोणी शिकवायला नको. उलट मी आज ताईला सांगितलं तर ती रात्रीच्या आत स्थळ मोडेल, पल्लवीला कारणही न सांगता. पोरगा वाईट नाही. शिताचाही मान ठेवणारा आहे. माझ्या एका वाक्यानं तो कायमचा खोटारडा ठरेल.

"एक ऐक," मी म्हणाले. "ताईचा फोन आज येईन. तिले मी काहीच सांगत नाही. पन उद्या सकायी मी पल्लवीले फोन लावतो. तोवर तिले तू सांगतलं असन त ठीक. नसन सांगतलं त मी सांगीन, सारं."

"थे नाही म्हनन."

"म्हनू दे. नाही म्हनाचा हक तिले हाय का नाही?"

तो वर निघून गेला. डबा तिथंच राहिला. मी उघडून पाहिला तर भात तसाच होता.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "पाह्यलं काय व?"

"पाहून राह्यलो."

"किती पाहतं! तुये भाऊजी मांडववाल्याले सांगाले निघाले."

"उद्याच्या दिवस थांबवून ठेव त्याइले."

"काहून? काही हाय काय?"

"उद्या सांगतो म्हटलं ना."

तिनं फोन ठेवताना निरोप घेतला नाही. बहीण आहे, तिला कळतं. मिस्टर म्हणाले, तुला कोणी सांगितलं यात पडायला? मी म्हणाले, ताईनं. आपल्याला घर सोडून कितीही वर्षं झाली तरी एखाद्या माणसाची पारख करायला अजून आपल्यालाच सांगतात, तेवढं घर माझं तिकडे शिल्लक आहे. अचलपूरचा मळा चुलतभावाने मोडला, आबा-आई गेले, बडनेऱ्याला उतरलं तर न्यायला कोणी येईलच असं नाही. पण ताईच्या घरात माझा शब्द चालतो. आज पहिल्यांदा त्याचं ओझं वाटलं.

तर टेबलावर बारावा भाग. कीनूचा साहेब शेवटचा अहवाल मागतो. खरं लिहिलं तर मास्तर पकडला जाईल, खोटं लिहिलं तर तिची नोकरी आणि इमान दोन्ही जाईल. ती टोपली घेऊन मास्तरच्या दारात जाते, टोपली खाली ठेवते आणि पहिल्यांदा आपलं नाव सांगते. मी चिठ्ठी लावली, "मी कीनू. मासोया इकत नाही." उद्या काय लिहून देणार तेही ती त्याला सांगून टाकते आणि एक रात्र त्याच्या हवाली करते. पुढे तो काय करतो ते तुम्हीच वाचा. मी सगळ्या चिठ्ठ्या लावल्या, पार्सल बांधलं आणि झोपले. झोप आली नाही, पण पडून राहिले.

शुक्रवारी सकाळी डबे भरून झाल्यावर किचनच्या मागच्या पायरीवरून पल्लवीला फोन लावला. तिकडे उजाडत असणार. फोन गुंतलेला. पुन्हा लावला, गुंतलेला. मोरिताबाईंनी खुणेनं विचारलं, काय झालं? मी खुणेनंच सांगितलं, थांबा. मग कधीतरी लागला.

"मावशी." आवाज जड होता. "त्याचाच फोन होता. रात्री बी आला होता. रातभर झोपलो नाही मी."

"सांगतलं त्यानं?"

"सांगतलं. मी लय रागावलो त्याले. म्हटलं, जपान दाखवून वावरात नेतं काय मले? मग म्हटलं, अजून हो बी नाही आन् नाही बी नाही. या रविवारी मी शेंदूरजन्याले जाऊन मामाची रोपवाटिका पाहून येतो. काम कसं हाय, मानसं कशी हायेत, मले जमन का नाही. मग सांगीन."

"आन् तुयी माय?"

"आईले मीच सांगतो आता. तू नोको सांगू. ओरडन त माह्यावर ओरडन."

"जाशीन कशी? फुलवाली बनून का कलमं घेनारी?"

ती नाक ओढत हसली. "काही नाही बनत. पल्लवी बनून जातो."

फोन ठेवला. पार्सल टपालात टाकलं, टोपी घातली, मास्क लावला आणि डबे घेऊन त्या इमारतीखाली गेले. प्रशांत रांगेत होता, डोळे सुजलेले. त्याच्या डब्यात मी आज वरतून दोन भजी टाकली.