पाणी उतरेपर्यंत

"पोरगी जवळ हुती म्हणून वाचला की बाप. न्हायतर काय खरं न्हवतं."

पडद्यापलीकडच्या खाटेजवळ बसलेल्या करकंबच्या मावशी आपल्या सुनेला सांगत होत्या. पोरगी म्हणजे मी. बाप म्हणजे माझे बाबा, जे पडद्याच्या अलीकडे नाकात नळी घालून झोपले होते. मी पाण्याची बाटली भरायला उठले होते, ते ऐकून पुन्हा स्टुलावर बसले. थोड्या वेळानं मावशींनी पडदा सारून माझ्या हातात एक केळं दिलं आणि सकाळपासून काही खाल्लं नाहीस, असं म्हणाल्या. मी केळं घेतलं. त्यांचं आधीचं बोलणं खोडून काढलं नाही.

मला मुळातच बोलायला अवघड जातं. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे हिला मराठी सुचत नाही, असं नातेवाईक समजतात. ते कारण मला सोयीचं पडतं, म्हणून मीही ते तसंच राहू दिलं आहे. पण त्या दिवसांत मी गप्प होते त्याचं कारण भाषेचं नव्हतं.

बाबा चादरींच्या कारखान्यात तयार माल तपासायचे. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळणं कमजोर झालं. त्यांना भरवण्याची पद्धत दवाखान्यातल्या एका ताईंनी आम्हाला शिकवली होती. लहान चमचा, हनुवटी खाली, आणि प्रत्येक घासाला गळ्याकडे बघायचं. कंठ वर जाऊन खाली आला की घास उतरला, मगच पुढचा द्यायचा. आई सकाळी भरवायची, दुपारी मी. मी घरूनच एका कंपनीचं काम करते. ग्राहक आपल्या तक्रारी लिहून पाठवतात आणि मी त्यांना उत्तरं देते, एका वेळी तिघांना. कंपनीनं आम्हा सगळ्यांना मन शांत ठेवण्याचं एक ॲपही दिलं होतं. श्वासाकडे लक्ष द्या, असं सांगणारा तो सौम्य आवाज मी एका कानात लावून काम करायचे. आज लिहिताना हे विचित्र वाटतं, तेव्हा वाटत नव्हतं. रात्री झोप लागायची नाही, छाती धडधडायची, जेवल्यावर काय जेवले ते आठवायचं नाही. सगळ्यांचं असंच असतं, असं मी धरून चालले होते.

त्या दुपारी दुधात कुस्करलेली भाकरी भरवत होते. लॅपटॉप शेजारच्या टेबलावर उघडा होता. एक घास दिला, कुणाला तरी उत्तर लिहिलं, दुसरा घास दिला. पहिला अजून उतरला नव्हता. बाबा खोकले, मग खोकताही येईना, ओठ निळे पडले. मी त्यांना पुढे वाकवून पाठीवर मारलं, शेजाऱ्यांना हाक मारली, रिक्षातून दवाखान्यात नेलं. अन्न फुफ्फुसात गेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले की अचानक ठसका लागला. आईलाही तेच सांगितलं. त्या खोलीत काय झालं हे माहीत असलेली दोनच माणसं, आणि त्यातल्या एकाला बोलता येत नव्हतं. बाबा शुद्धीवर आल्यापासून माझ्याकडे शांतपणे बघायचे. त्या बघण्यात राग नव्हता. मी उगाचच चादर सारखी करत राहायचे.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी आईला समजावलं की यांचं गिळणं आणखी बिघडलंय. पुन्हा असं झालं तर जिवावर बेतेल. पोटातून कायमची नळी बसवू, यापुढे तोंडानं काहीच द्यायचं नाही. उद्या सकाळी सही करा. आईनं मान हलवली. बाबांनी डोळे मिटले. मला माहीत होतं की चूक त्यांच्या गळ्याची नाही. मी खिडकीजवळ जाऊन उभी राहिले.

आईनं सिद्धेश्वराला बोलून ठेवलं होतं, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा अनवाणी करीन म्हणून. तिचे गुडघे चालत नाहीत, आणि बाबांना सोडून जायची तिची तयारी नव्हती. त्याच दिवशी तिनं तांब्या आणि बेलाची पिशवी माझ्याकडे दिली. म्हणाली, "तू जा. प्रत्येक ठिकाणचा फोटो पाठव, म्हणजे माझंही दर्शन होईल." माझा देवावर विश्वास होता की नाही, हे मी कधी ठरवलं नव्हतं. दवाखान्यातून बाहेर पडायला मिळतंय, एवढ्यासाठी मी निघाले.

ही लिंगं सगळ्या गावात विखुरलेली आहेत, कुठे देवळात, कुठे गल्लीच्या तोंडाशी, कुठे कुणाच्या भिंतीला लागून. मी फोनवरच्या यादीत बघत चालत होते. पोचायचं, पाणी, बेल, फोटो, पुढे. पायांना ऊन चटकत होतं, तेवढ्यात कामाचे निरोपही बघत होते. दहा-बारा झाली असतील. यंत्रमागांचा खडखडाट चाललेल्या एका गल्लीत, निंबाच्या पारावर एक लिंग होतं. पाणी घातलं, फोटो काढला आणि वळले.

"अम्मा," मागून आवाज आला, "नंदीला आंघोळ घातलीस की. देव कोरडाच हाय."

समोरच्या उंबऱ्यावर एक म्हातारी तेलुगू बाई मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. चाकावर कांडी फिरत होती आणि सूत तिच्या चिमटीतून सरकत होतं. मी बघितलं. खरोखरच पाणी नंदीच्या पाठीवरून ओघळत होतं, बेलही त्याच्याच डोक्यावर होता. दारातली तिची सून हसली, म्हणाली, त्याला बी उकडत असंल. मलाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

म्हातारीनं मला थांबवलं. आतून घागर मागवून माझा तांब्या भरला. सूत मध्येच तुटलं, तेव्हा तिनं चाक थांबवलं, दोन टोकं शोधली, गाठ मारली आणि मगच पुन्हा चाक हलवलं. त्यात तिला काही विशेष वाटत नव्हतं. मग तिनं विचारलं, घरात कोण आजारी आहे. मी म्हणाले, वडील. काय झालं, असं तिनं विचारलं. नेहमीचं वाक्य तोंडात तयार होतं. आठ दिवसांत ते मी कितीतरी जणांना सांगितलं होतं. त्या क्षणी ते बाहेर पडलंच नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही. फक्त म्हणाली, "फोन ठेव आत. सावकाश घाल. खाली जाऊ दे सगळी पाणी, मग दुसरी घाल."

मी फोन बंद करून पिशवीत टाकला. थोडं पाणी घातलं आणि बघत राहिले. दगडाच्या माथ्यावर ते क्षणभर थांबलं, मग कडेनं उतरत खाली गेलं. पुन्हा थोडं घातलं. ते उतरलं. मला बाबांचा गळा दिसला, कंठ वर जाऊन खाली येताना. एक वर्षभर मी ज्या ज्या वेळी बघत होते, त्या त्या वेळी त्यांचा घास नीट उतरला होता, एकदाही अडला नव्हता. हे मला ठाऊक होतं, पण उद्या सही होणाऱ्या कागदात ते कुठेच नव्हतं. मी किती वेळ तिथे उभी होते, सांगता येणार नाही. छातीतली धडधड थांबली होती, हे पुढच्या गल्लीत गेल्यावर लक्षात आलं.

उरलेली लिंगं मी लोकांना विचारत विचारत केली. एरवी अनोळखी माणसाला पत्ता विचारण्यापेक्षा मी चुकीच्या रस्त्यानं चालणं पसंत करते. प्रत्येक ठिकाणी पाणी पूर्ण उतरेपर्यंत थांबले. मनात मागणं असं काही आलं नाही. संध्याकाळी तळ्याकाठच्या देवळात पोचले तेव्हा पाय सोलले होते. हात जोडले आणि एवढंच म्हणू शकले की आता मी धरून ठेवत नाही. दवाखान्यात परतले तेव्हा आई रागावली होती, फोटो का नाही पाठवलेस म्हणून. फोन बंद होता, एवढंच सांगितलं.

पुढचं थोडक्यात लिहिते. बाबांच्या गिळण्याची पुन्हा तपासणी झाली. पोटातली नळी बसवावी लागली नाही. पंधरा दिवसांनी नाकातली निघाली आणि त्यांनी पहिला चमचा मऊ भात खाल्ला. आई माझ्याशी काही दिवस बोलली नाही, मग बोलायला लागली. दुपारची अर्धी सुट्टी मी कंपनीला लिहून मागून घेतली आहे. लक्ष अजूनही पळतं. पळालं हे कळलं की चमचा खाली ठेवते, परत येते, मग पुढचा घास. त्या म्हातारीला देवानं तिथे बसवलं होतं, असं मी म्हणणार नाही. ती रोज तिथेच बसते. पण त्या दिवशी माझं जे काम माझ्याच्यानं होत नव्हतं, ते कुणीतरी माझ्याकडून करवून घेतलं, आणि त्याबद्दल मी रोज मनात हात जोडते. शरण जाणं म्हणजे काहीतरी मोठं असेल, असं मला वाटायचं. माझ्या वाट्याला ते एका खऱ्या वाक्याएवढंच आलं.

प्रदक्षिणेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर सहीचा कागद घेऊन आले. आईनं पेन हातात घेतलं. पडदा उघडाच होता, मावशी आणि त्यांची सून बघत होत्या. बाबांचे डोळे माझ्यावर होते. या वेळी मी चादर सारखी केली नाही.

"आई, सही करू नकोस," मी म्हणाले. "डॉक्टर, बाबांना गिळता येतं. त्या दिवशी माझं लक्ष लॅपटॉपमध्ये होतं. पहिला घास उतरायच्या आधी मी दुसरा दिला."