शनिवारचा कागद

हे मी अजून कुणाला बोलले नाही. भावाला नाही, वहिनीला नाही. देवापुढे हात जोडले तरी दुसरंच काहीतरी मागून उठायची. भाच्याच्या जुन्या वहीत मागे कोरी पानं आहेत, त्यांवर लिहिते आहे. चौथीपर्यंतच शिकले, अक्षर वाकडं आहे, पण वाचता येईल. वाचता येणं — सगळं त्याच्यापाशीच येऊन थांबतं. ते पुढे सांगते. आधी थोडं बाजूबाजूने जाऊ द्या मला.

परवा इथे अमरावतीला भाचा पेपर मोठ्याने वाचत होता. कुठल्याशा गिरणीचा मालक शनिवारी अर्धा दिवस सुट्टी देणार, पगार मात्र पूर्ण. करून पाहणार म्हणे. भाचा म्हणाला, "आत्या, आपल्या वऱ्हाडात असं कधी कोनं केलं होतं काय?" मी म्हटलं, नाही रे बाबा. आणि उठून चुलीकडे गेले.

केलं होतं. अकोल्याला, आमच्या जिनात — कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात — ही दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या बऱ्याच आधी.

तेव्हा मी भावाकडे राहायची. नवऱ्याने दुसऱ्याच वर्षी आणून सोडलं होतं. मूल नव्हतं. वहिनी वाईट बोलायची नाही हो — मी घरात शिरले की फक्त बोलायची थांबायची. म्हणून मला जिनात जायला आवडायचं. तिथे माझी एक ठरलेली जागा होती. कापूस निवडायच्या ओळीत आम्ही तीस-चाळीस बाया बसायचो. पाला, न उमललेली घट्ट कवडी, किडका कापूस वेगळा काढायचा. रुईचे तंतू पापण्यांवर बसायचे, घशात जायचे. यंत्रांच्या पट्ट्यांच्या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागे, आणि मला ओरडता येत नव्हतं, म्हणून मी गप्पच असायची. कुणाचं टपाल आलं की तेवढं वाचून द्यायची. बाया मला मास्तरीन म्हणायच्या.

माझ्या शेजारी गोदावरी बसायची. मूळची हिवरखेडची. नवरा वरूडला संत्र्याच्या बागेत कामाला, घरी आंधळी सासू आणि सात महिन्यांची लेक. गोदावरीचं हसू पट्ट्यांच्या आवाजावरूनही ऐकू यायचं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. जिनाच्या मागेच बायांची वस्ती होती, आणि दिवसा पट्टे थांबले तरी त्या वस्तीतून एकाही तान्ह्या पोराचं रडणं ऐकू येत नसे. का, ते सगळ्यांना माहीत होतं. सकाळी कामावर येताना आया पोरांना अफूचं बोट चाटवायच्या आणि पाळण्यात टाकून यायच्या. संध्याकाळचा भोंगा होईपर्यंत पोरं झोपलेली. सरकारी ठेक्याच्या दुकानात अफू मिळायची, कुणी लपवूनही करत नसे. गोदावरीही करायची. दुसरं काय करणार होती? आंधळ्या म्हातारीच्या हाती रांगतं पोर कसं सोडणार?

त्या हंगामात धाकटे शेठ मुंबईहून शिकून आले आणि एके दिवशी आमच्यापुढे उभे राहून म्हणाले, शनिवारी दुपारच्या भोंग्याला सुट्टी, मजुरी पूर्ण दिवसाची. महाशिवरात्रीपर्यंत करून पाहू. माल कमी पडला नाही तर कायमचं करू, आणि बाकीच्या जिनवाल्यांनाही मी सांगेन. बायांना आधी खरंच वाटेना. एकजण म्हणाली, "शेठ उन्हात आले वाटते बिना टोपीचे!" पण शनिवार आला, दुपारचा भोंगा झाला, फाटक उघडलं.

माल कमी पडला नाही. बाया आठवडाभर जीव लावून निवडायच्या, कुणी विनाकारण खाडा करेना. आणि शनिवारी दुपारी वस्तीतून रडणं ऐकू यायला लागलं. एक पोर, मग दुसरं, मग सगळीच. गोदावरी सांगायची, "शनवारी मी देतच नाई काही. अर्ध्या दिवसाचं काय, रडन थोडी. मी गेली की कशी पाहाते माह्याकडे — साऱ्या आठोड्यात तेवढंच पाहाते थे मले."

सगळ्या धावत जायच्या. मी कुठे जाणार होते? घरी लवकर गेले तर वहिनीचं बोलणं तितकं आधी थांबणार. मी फाटकाबाहेरच्या कडुलिंबाखाली बसून राहायची, रोजची सुटायची वेळ होईपर्यंत. बंद जिन, आणि मागून ती पोरं. गोदावरीच्या ते ध्यानात आलं. एका शनिवारी तिने हाताला धरून ओढलं, "चाल वं माह्या घरी. अशी काहून बसली कावळ्यावानी?" मी गेले. पोरगी जागी होती. तिने माझं बोट धरलं आणि सोडेना. गोदावरी हसली, "पाहा, मास्तरीन आवडली तिले!"

कुणी म्हणेल, चांगलंच झालं की. पण माझं मलाच ठाऊक आहे. मी बोट सोडवून घेतलं, काहीतरी सांगून निघाले, पुन्हा लिंबाखाली येऊन बसले. आणि मनात आलं — हा शनिवार नसता तर आम्ही सगळ्या सारख्याच असतो.

दिवाणजींनी मला तिथे बसलेली पाहिली होती. ते मोठ्या शेठच्या वेळचे, त्यांना ही सुट्टी पहिल्यापासून खुपत होती. पण माल कमी पडत नव्हता, तर बोलणार काय? महाशिवरात्रीच्या काही दिवस आधी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. हातात कागद दिला. म्हणाले, "तुले वाचता येते. बायाइले वाचून दाखव अन् अंगठे घेऊन ये." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुले तरी कोठी घाई असते शनवारी घरी जायाची?"

खोटं वाच, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

कागदावर लिहिलं होतं — आम्हा बायांना ही अर्धी सुट्टी नको. तिच्यापायी बाकीचे दिवस फार पळापळ होते. शनिवार पहिल्यासारखा पूर्ण दिवसाचा करावा, ही विनंती.

मी ओळीपाशी गेले. बाया भोवती जमल्या. जन्मात कधी इतक्या मोठ्याने बोलले नव्हते, तेवढ्या मोठ्याने मी वाचलं — शनिवारची सुट्टी आम्हाला फार सोयीची आहे, ती शेठजींनी कायमची करावी, ही विनंती. कुठे अडखळले नाही. ओळींवरून बोटसुद्धा फिरवलं. सगळ्यांनी अंगठे दिले. गोदावरीने पहिला.

दुसऱ्या दिवशी धाकटे शेठ स्वतः आले. हातात तोच कागद. चेहरा उतरलेला. म्हणाले, "बायांनो, यात लिहिलं आहे तीच तुमची मर्जी ना?" गोदावरी उभी राहिली. "हो जी शेठ, तीच! आमच्या मास्तरीननं वाचून दाखवलं ना आमाले!" शेठनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं असं मला वाटतं. तेव्हा मी एक शब्द बोलले असते तर? मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

त्या शनिवारी दुपारचा भोंगा झाला, बाया पदर झाडत उठल्या, तर फाटकात दिवाणजी उभे. "बसा. आता पूर्ण दिवस." गोदावरी म्हणाली, "काहून जी? कागद त देला ना आमी!" ते म्हणाले, "कागद वाचूनच ठरलं."

ती माझ्याकडे वळली. "तू बराबर वाचलं होतं ना वं?" मी म्हटलं, हो. "मंग शेठलेच वाचता येत नसन," ती म्हणाली, आणि बाया हसल्या. हसत हसत खाली बसल्या. त्या दिवशी पट्टे मध्ये थांबले की वस्तीतून पोरांचं रडणं यायचं, संध्याकाळपर्यंत, त्यात गोदावरीच्या पोरीचंही. तिने सकाळी काही चाटवलं नव्हतं ना.

पुढच्या शनिवारी चाटवलं. वस्ती पुन्हा गप्प झाली. बाया शेठला शिव्या द्यायच्या, मोठ्या घरच्या पोराची दोन महिन्यांची हौस म्हणायच्या. शेठ त्यानंतर आमच्याकडे आलेच नाहीत. मी त्या शिव्या ऐकत कवडी वेचायची.

तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी गोदावरी घरी गेली, तेव्हा पोरगी उठली नाही.

दोन दिवसांनी ती माझ्याकडे कार्ड घेऊन आली. नवऱ्याला वरूडला कळवायचं होतं. रडत नव्हती. भिंतीला टेकून बसली आणि सांगत गेली, मी लिहीत गेले. लेक गेली. सासू जेवत नाही. हंगाम संपला की न्यायला ये. मग म्हणाली, "अन् हे लिव — शनवार होता. सुट्टी असती त मी घरी असती, तिले काही देलंच नसतं."

मी लिहिल्यासारखा हात हलवला. टाक कार्डाला लावला नाही.

मग तिने म्हटलं, वाचून दाखव. मी वाचून दाखवलं, तिने सांगितलं तसं, शेवटपर्यंत, ते शनिवारचंसुद्धा. कार्डावर नव्हतं ते वाचलं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बरं लिवलं माय तू."

हंगामानंतर ती वरूडला गेली. पुन्हा भेटली नाही.

ते राहिलेलं इथे लिहिते. शनिवार होता. सुट्टी असती तर गोदावरी घरी असती, तिने पोरीला काही दिलंच नसतं.