तीन दिवसांचा कौल आणि एक पंखा

वाचनालयातल्या पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी होती. पंखा बिघडला असेल असं समजून मी ती सोलून काढली आणि बटण दाबलं. पंखा बिघडलेला नव्हता. तीन टेबलांवर ओळीने मांडलेले शंभरेक जुने मोडी कागद एकदम उठले आणि थेट बालविभागापर्यंत जाऊन पसरले.

दारात लवू चहाचे दोन ग्लास घेऊन उभा होता. त्यातला माझा त्याने माझ्यापासून लांब, खिडकीत ठेवला.

"ती पट्टी कित्याक लावलेली, वाटला तुमका?"

"पंखा बिघडलाय म्हणून."

"मगे बिघडलेलो पंखो लावलास कित्याक?"

मी पंखा बंद केला.

लवू आमच्या वाचनालयाचा शिपाई. मागे कुडाळला मोडी शिकवायचे वर्ग निघाले, तेव्हा आम्ही कमिटीवाले उद्घाटनाला गेलो आणि लवू शेवटच्या दिवसापर्यंत गेला. तेव्हापासून घरोघरचे जुने कागद मिळवणं, वाचणं, त्यांचे फोटो काढणं त्याच्याकडे. पद अजून शिपायाचंच.

कागद मिळवताना माणूस टेकीला येतो. एक घर म्हणतं, ठेवा, पण वाचू नका. दुसरं म्हणतं, वाचा, पण आमच्या चुलत्याला सांगू नका. तोंडवलीच्या भिकाजींनी तर दोन वर्षं झुलवून शेवटी देवाला कौल लावला. मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडून पडली आणि कागदांचं हे दप्तर न्यायला देवाची परवानगी मिळाली, पण तीनच दिवसांची. आज तिसरा दिवस. चार वाजता भिकाजी येणार, फोटो निम्मेच झालेले, आणि पानांवर आकडे नाहीत. क्रम बिघडलेला दिसला असता, तर त्या गावातला एकही कागद पुन्हा लवूच्या हाती लागला नसता.

"देवान तीन दिस दिल्यान," लवू म्हणाला, "तुमी तीन सेकंदात आटपलास."

मग त्याने एक पान उचलून उजेडाकडे धरलं. कसरीने गठ्ठा आरपार पोखरला होता, त्यामुळे एका पानाचं भोक पुढच्या पानाच्या भोकाशी जुळत होतं. ज्या कसरीला तो तीन दिवस शिव्या घालत होता, तिच्याच मागोमाग आम्ही अडीच तास पानं लावली. मी "हे बसेल बघ" म्हटलं की तो माझ्या हातातलं पान काढून घ्यायचा.

पावणेचारला एके ठिकाणी भोक जुळेना. एक पान कमी होतं. कपाटामागे, टेबलाखाली सगळीकडे पाहून झालं. दमून खुर्चीत टेकलेल्या माझ्याकडे लवू बघत राहिला.

"उठा जरा."

पान माझ्याखाली होतं. चांगलं इस्त्री झालेलं.

भिकाजी आले. कुंकू लावलेलं पान वर आहे आणि फाटकं खाली आहे, एवढंच त्यांनी पाहिलं आणि दप्तर रुमालात बांधायला घेतलं. मधल्या पानांकडे ढुंकूनही बघितलं नाही. लवूने कपाळाला हात लावला.

"भिकाजीनु, अर्धे फोटो रवले. परत कौल लावशात?"

"देवाक इचारतंय," म्हणून भिकाजी निघाले.

देव पुन्हा हो म्हणालाच तर आपण उपयोगी पडावं, असं मला मनापासून वाटलं.

"लवू, मदतीला येतो मी. कधी येऊ?"

"पावसात येवा. तेवा लाईट नसता."