दोन हातांचं अंतर

"घाबरायचं तर घाबरत घाबरत करायचं, पण करायचं," असं वहिनी म्हणायच्या आणि पदर कमरेला खोचायच्या. मग तो काढून पुन्हा एकदा, आणखी घट्ट खोचायच्या. पदर दुसऱ्यांदा खोचला गेला की समजावं, आता वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांचे यजमान एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते, मोठा विद्वान माणूस. पण तेही त्या दुसऱ्या खोचण्यानंतर चष्मा पुसत आतल्या खोलीत जायचे.

लखनौच्या अलीगंजमध्ये आम्ही वर आणि त्या खाली राहत होतो. माझे यजमान हज़रतगंजच्या एका बँकेत. मी सातारची, वहिनी बार्शीकडच्या. "आमच्याकडं पाणी हंड्यात मावतं," त्या सांगायच्या. गुडघ्याच्या वर पाणी असू शकतं हे त्यांना लग्नानंतर लखनौला आल्यावर गोमती पाहून कळलं म्हणे. माझं घर कृष्णाकाठचं असून मलाही पोहता येत नव्हतं. आमच्याकडे नदीवर बायकांनी धुणं धुवायचं आणि पुरुषांनी पोहायचं, अशी वाटणी होती.

लखनौचा जून तुम्ही काढला असेल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. दुपारी लू सुटली की खिडक्यांना ओले पडदे लावून सगळं शहर अंधारात पडून राहायचं. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात माझ्या यजमानांना बँकेतल्या कुणीतरी सांगितलं, की मलिहाबादच्या पलीकडे आमराईच्या मागे एक लहानशी नदी आहे, एरवी घोटाभर पाणी, पण वळणावर एक डोह आहे, तो मे-जूनमध्येही आटत नाही. झालं. एका रविवारी पहाटे आमची दोन्ही कुटुंबं चारबागहून पॅसेंजरने निघाली. मलिहाबादला घोड्याचा एक्का केला. बरोबर पुऱ्या, बटाट्याची भाजी, पाण्याची सुरई. माझी मंजू पाच वर्षांची होती आणि वहिनींचा रवी दहाचा.

डोह खरोखरच सुंदर होता. वरून जांभळाची सावली, एका कडेला उतरता काठ आणि पाणी इतकं गार, की हात घातल्यावर दंडापर्यंत शिरशिरी यायची. पलीकडे एक बाई म्हशी धूत होती. पुरुष मंडळी आंबे आणायला बागेत गेली. मी झाडाखाली सतरंजी अंथरत होते.

मागे 'डुब्' असा आवाज आला. एवढाच, फार मोठा नाही. मी वळून पाहिलं तर मंजू काठावर नव्हती.

मी धावले आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. मी ओरडत होते, पण पाय पुढे जाईनात. वहिनी रवीला घट्ट धरून उभ्या होत्या. पाण्यात मंजूचा पिवळा फ्रॉक एकदा वर आला आणि गेला. तेवढ्यात पलीकडच्या बाईने म्हशीला ढकललं, उडी टाकली आणि चार हातांत तिथे पोचली. केसांना धरून तिने मंजूला बाहेर काढलं, पालथं करून पाठीवर थापट्या मारल्या. मंजू ओकली आणि रडली.

"बचि गय बिटिया," ती बाई मला म्हणाली. "अब रोवौ ना."

तिचं नाव रामदुलारी. पन्नाशीची, काटक.

 परतीच्या गाडीत आंब्यांची टोपली कुणी उघडली नाही. घरी आल्यावर माझे यजमान म्हणाले, "आता हा विषय बंद." वहिनींचे यजमानही तेच म्हणाले. मंजूचं तर असं झालं, की बादलीतला तांब्या डोक्यावर धरला तरी ती किंचाळायची. मी तिला ओल्या पंच्याने पुसून घ्यायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी वर आल्या. चहा नको म्हणाल्या.

"रविवारी मी डोहावर जाणार आहे. येतेस?"

"वहिनी, काय बोलताय!"

"डोह तिथंच राहणार. पोरं मोठी होणार. उद्या आपल्याला न सांगता जातील. तेव्हा काठावर उभं राहून ओरडायचं का पुन्हा?" त्या म्हणाल्या. "ती बाई शिकवील मला. मी विचारणार आहे तिला."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटतीय की. रात्री झोप नाही." आणि त्यांनी पदर खोचला. दुसऱ्यांदाही खोचला.

वहिनी तेव्हा बेचाळीस वर्षांच्या होत्या. अंगाने भरलेल्या. यजमानांचा पायजमा नाडीने दोनदा आवळून आणि वर त्यांचाच पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून त्या पाण्याकडे निघाल्या, तेव्हा मला हसू आवरेना. पुरुष मंडळींना आमराईच्या पार दुसऱ्या टोकाला बसवलं होतं, डोहाकडे पाठ करून. मंजू सतरंजीच्या अगदी मध्यावर बसली होती, जणू सतरंजीच्या बाहेर सगळं पाणीच होतं.

रामदुलारीला आधी ही चेष्टाच वाटली. मग तिने वहिनींचा चेहरा पाहिला आणि ती पाण्यात उतरली.

"पानी से लड़ौ ना, बहिनजी. पानी पर पौढ़ौ." पाण्याशी भांडू नका, पाण्यावर निजा.

"हम निजेंगे," वहिनी दात वाजवत म्हणाल्या, "पर तुम हात मत छोडना!"

त्या उन्हाळ्यात सहा रविवार गेलो. सहाही रविवार वहिनी बुडाल्या. कमरेइतक्या पाण्यातसुद्धा त्या बुडून दाखवायच्या. अंग लाकडासारखं ताठ करायच्या आणि रामदुलारीच्या मानेला असा विळखा घालायच्या, की एकदा दोघीही खाली गेल्या. वर आल्यावर रामदुलारी जे काय बोलली ते मी इथे लिहीत नाही. सातव्या रविवारी पाऊस आला आणि डोह गढूळ झाला.

मला वाटलं, संपलं. पण वहिनींनी तेवढ्यावर सोडलं नाही. हिवाळ्यात त्या रोज सकाळी गच्चीवर घंगाळात तोंड बुडवून श्वास धरायला बसायच्या. बाहेरच्या खोलीत स्टुलावर पालथं पडून हात-पाय मारायच्या. एकदा दार उघडं राहिलं आणि सब्जीवाला भैया टोपली टाकून ओरडत वर आला, "बहूजी, जल्दी चलिए, नीचे माताजी को दौरा पड़ा है!" त्यांच्या यजमानांनी एका संध्याकाळी माणूस पाण्यावर का तरंगतो, हे कागदावर बाण काढून अर्धा तास समजावून सांगितलं. वहिनींनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"पटलं," त्या म्हणाल्या. "पण अहो, हे त्या पाण्याला कुणी सांगायचं?"

दुसऱ्या उन्हाळ्यात तिसऱ्या रविवारी त्या तरंगल्या. रामदुलारीने हात कधी काढून घेतले, ते त्यांना कळलंच नाही. कळलं तेव्हा अर्थातच बुडाल्या. पण तोवर जमलं होतं. पुढच्या रविवारी दहा-बारा हात पोहल्या.

त्या दिवशी आम्ही दोघीच झाडाखाली बसलो होतो. मुलं बागेत होती. वहिनी केस पुसत होत्या. पुसता पुसता थांबल्या.

"तुला एक सांगायचंय. वर्ष झालं, सांगता येईना."

मी त्यांच्याकडे वळले.

"त्या दिवशी मंजू माझ्यापासून दोन हातांवर होती. घसरली, ते मी बघितलं. मी वाकले असते, पदर टाकला असता, तरी तिच्या हाताला लागला असता. मी काय केलं? रवीचा दंड धरला आणि त्याला मागं ओढलं. तो काठावर होता गं, त्याला काही झालं नव्हतं. तरी मी त्यालाच धरला."

खरं सांगते, मला राग आला. क्षणभर त्या बाईचं तोंड पाहू नये असं वाटलं. पाण्यात वर आलेला तो पिवळा फ्रॉक माझ्या डोळ्यांपुढे आला. मी उठून चार पावलं गेलेसुद्धा. मग मला आठवलं, की मी स्वतः त्या काठावर कशी उभी होते. मी परत येऊन बसले.

"मी तर तिची आई," मी म्हटलं. "मी तरी कुठे उतरले?"

 आम्ही या गोष्टीवर नंतर कधीच बोललो नाही. वहिनी उठल्या, ओले केस तसेच गुंडाळले आणि रामदुलारीला हाक मारली, "चलो, उस पार जाएंगे."

"आज?"

"आजच."

मुलं धावत आली. डोहाची रुंदी फार नव्हती, पण मधलं पाणी काळं दिसायचं. मधोमध वहिनींचा दम तुटला. खाली गेल्या, वर आल्या, ठसकल्या. रामदुलारीने त्यांना ओढत परत आणलं. थोडं बसून त्या पुन्हा उतरल्या. पुन्हा तिथंच बुडाल्या. या वेळी नाकातोंडात बरंच पाणी गेलं. मी म्हटलं, "वहिनी, पुरे. पुढच्या रविवारी." त्यांनी माझ्याकडे पाहिलंदेखील नाही.

तिसऱ्या खेपेला त्या मधलं काळं पाणी ओलांडून गेल्या. हात वेडेवाकडे पडत होते, मान वर-खाली होत होती, कुठल्याही पोहणाऱ्याला लाज वाटावी असं ते पोहणं होतं. पण पलीकडच्या काठावरच्या जांभळाचं मूळ त्यांनी पकडलं. पकडून बराच वेळ आमच्याकडे पाठ करून तशाच राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. रवी टॉवेल घेऊन वळसा घालून जायला निघाला, तेव्हा पलीकडून आवाज आला.

"टॉवेल राहू दे रे. मी येतीय परत!"

आणि आल्या.

वहिनी काठावर येऊन बसल्यावर मंजू सतरंजी सोडून त्यांच्याजवळ गेली. आमची मुलं मराठी समजायची, पण बोलायची हिंदीत.

"काकू, आप डूब गयी थीं ना?"

"हो. दोनदा."

"फिर?"

"फिर काय? वर आले."

मंजूने यावर फार विचार केला. गोष्टीत घडतं तसं ती लगेच पाण्यात उतरली नाही. त्या दिवशी फक्त पायाची बोटं बुडवली. पुढच्या रविवारी घोटा. त्या सबंध उन्हाळ्यात ती गुडघ्याच्या पुढे गेली नाही आणि वहिनींनी तिला एकदाही "चल" म्हटलं नाही. त्या फक्त तिच्या शेजारी पाण्यात बसून राहायच्या, तासन् तास. पण घरी मंजू डोक्यावर तांब्या ओतू द्यायला लागली. तिसऱ्या उन्हाळ्यात ती वहिनींच्या हातावर आडवी झाली. त्याच उन्हाळ्यात मीही.

वहिनींचं शिकवणं कडक होतं. शाबासकी नाही. कुणी डोह पार केला, तर "जमलं" एवढंच. रडणाऱ्याला रडू द्यायच्या, पण पाण्यात. "रड, पण हात मार." पुढे मराठी मंडळातल्या बायकाही यायला लागल्या आणि हळदीकुंकवात कुजबुज सुरू झाली. एका वयस्कर बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय हो, तुम्ही म्हणे पुरुषांचे पायजमे घालून नदीत उतरता?"

"उतरतो ना. तुम्हीपण या," वहिनी वाण देता देता म्हणाल्या. "पायजमा मी देते. नाडी तेवढी लांब आणा."

त्या बाई आल्या नाहीत. त्यांच्या दोन्ही सुना मात्र आल्या.

सात-आठ उन्हाळे असे गेले. मग वहिनींचे गुडघे सुजायला लागले. एक्क्यातून उतरताना त्यांना हात द्यावा लागे. तो हात त्या घ्यायच्या आणि जमिनीवर पाय टेकताच झटकून टाकायच्या. त्यांचे यजमान निवृत्त झाले आणि दोघांनी बार्शीकडे परत जायचं ठरवलं. त्या पावसाळ्यात चारबागला आम्ही त्यांना पोचवायला गेलो. गाडी सुटेपर्यंत त्या ट्रंका कुठे सरकवायच्या, यावर हमालाशी वाद घालत होत्या, त्यामुळे रडायचं राहूनच गेलं. पुढे वर्षाकाठी दोन-तीन पत्रं यायची. तिकडे सलग दुष्काळ होता. "आंघोळीला एक बादली. त्यात काय पोहणार?" असं एका पत्रात होतं. नंतर एका हिवाळ्यात त्यांच्या यजमानांचं अंतर्देशीय आलं. चार ओळींचं. वहिनी गेल्या होत्या. मंजूला मी सांगितलं, तेव्हा ती विद्यापीठात शिकत होती.  खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

मला मात्र वहिनी दिसतात, त्या शेवटच्या उन्हाळ्यातल्या.

आमचा डोहावरचा शेवटचा रविवार. डॉक्टरांनी गार पाण्यात जायला बंदी केली होती. वहिनी काठापर्यंत काठी टेकत आल्या, काठी आमच्या बाजूच्या झाडाला टेकवून ठेवली आणि सरळ पाण्यात गेल्या. डोहाच्या मधोमध, त्या काळ्या पाण्यावर, उताण्या झाल्या. हात पसरलेले, पायजम्यात हवा भरून तो फुगलेला, चेहरा आभाळाकडे. झाडावरून एखादं जांभूळ त्यांच्या शेजारी टपकायचं. त्या हलत नव्हत्या.

संध्याकाळ उतरत होती. एक्केवाला घाई करत होता, पॅसेंजर चुकली असती. आम्ही काठावर उभं राहून हाका मारत होतो, "वहिनी! अहो वहिनी, चला!"

त्यांचे कान पाण्याखाली होते.