तिला मराठी नीट येत नाही

आमच्या कॉलेजात पुण्याहून एक बाई नव्याने शिकवायला आल्या होत्या. तंजावुरात मराठी बोलणारं घर आहे हे कळल्यावर त्यांना फार आनंद झाला. एका रविवारी मी त्यांना जेवायला बोलावलं. बोलावलं खरं, पण आमचं बोलणं त्यांना कसं वाटेल हे डोक्यातून जाईना. आमची मराठी पिढ्यान् पिढ्या तमिळच्या शेजारी राहिलेली. मी देवनागरी नोकरी लागल्यावर शिकले, मालिका बघून बोलणं घासूनपुसून घेतलं. आईचं मात्र होतं तसंच होतं.

जेवायला मी कोळंबीचा पास्ता ठरवला. कालवण केलं असतं तर आई त्याच्याबद्दल बोलत बसली असती. पास्त्याबद्दल ती काय बोलणार?

सकाळी बाजारात जाऊन कोळंबी तिनेच आणली, सोललीही तिनेच. मी मोबाइलवर बघत तेलात लसूण परतला, सुक्या मिरच्या टाकल्या, टोमॅटो शिजवले. चव घेतली तर नुसतं आंबट पाणी. तरी त्यात कोळंबी घातली आणि पास्ता उकडला का ते बघायला वळले, तोच आईने कढईखालचा गॅस बंद केला.

"एरा दोन निमिषांत होतो ग. मग नुसता रबर."

एरा म्हणजे कोळंबी. घरात आम्ही हाच तमिळ शब्द वापरतो. तिने खलबत्त्यात मिरे, लसूण आणि मिरच्या कुटल्या, तेलावर परतून कढईत ढकलल्या, वर पास्त्याचं पळीभर पाणी घातलं. मी पुन्हा चव घेतली आणि नाकातून पाणी आलं. झकास झालं होतं.

"तू बाहेर येऊ नकोस हं, मी वाढते," मी म्हटलं.

"कां?"

"दमली असशील."

पाहुण्या बाई नाक पुसत जेवल्या, दोनदा मागून घेतलं. "कुणी केला हो?"

"मी."

तेवढ्यात आई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. "काकू, या ना, बसा! मराठीत गप्पा मारू," बाई म्हणाल्या.

आईने तोंड उघडलं, पण तिच्या आधी मीच बोलले. "तिला मराठी नीट येत नाही. ती तमिळच बोलते."

आईने माझ्याकडे बघितलं. तांब्या टेबलावर ठेवला, बाईंकडे बघून हसली आणि आत गेली. मला येते ती मराठी मी तिच्याच तोंडून शिकले होते.

पाहुण्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. ती कढई घासत होती.

"आई, मघाशी मी..."

"त्या बाईने दोनदा घेतलं," ती म्हणाली. "बरं झालं." मी कढई पुसायला घेतली.

महिन्याभराने बाई मिठाई घेऊन आल्या. दार आईने उघडलं.

"काकू, ओळखलंत का?"

"वांग, वांग. उक्कारुंग." या, बसा. मग ती माझ्याकडे वळली आणि कॉफी करायला सांगितलं, तेही तमिळमध्ये. आमच्या बोलण्यात तमिळ शब्द ढीगभर, पण असं अख्खं वाक्य तिने मला जन्मात कधी तमिळमध्ये सांगितलं नव्हतं.

"किती गोड बोलतात हो तुमच्या आई," बाई म्हणाल्या. "कळलं काहीच नाही, पण ऐकत राहावंसं वाटतं."

मी "हो" म्हणाले आणि दूध तापवायला आत गेले.