होडी चिखलात रुतली तेव्हा

मंडळी, अंगाला अजून चिखलाचा वास येतोय, पण हे आत्ताच सांगायचंय.

आमच्या दहावीच्या जुन्या बॅचची सहल यंदा कोकणात आलीय. आज दुपारी आम्ही नऊजण होडीतून खाडीतल्या खारफुटीच्या जंगलात शिरलो. होडीवाले मामा "ओहोटी लागलीय, निघूया" म्हणत राहिले आणि आम्ही आपले फोटो काढत बसलो. पाणी उतरलं अन् होडी चिखलात रुतली.

गंगापूरच्या दत्तानं लगेच विचारलं, "मामा, खालचं गेट उघडलं का कुणी?" ऊसवाला माणूस तो. पाणी हललं की त्याला धरणच आठवतं.

मग चिकलठाण्याच्या शैलानं आमच्या शहरात नळाच्या पाण्यासाठी सगळे विचारतात तो नेहमीचा प्रश्न विचारला, "पाणी कधी येणार?"

मामा म्हणाले, "सव्वापाचला."

आम्ही सगळे खो खो हसलो. "आपल्याकडं बी असंच सांगतात, अन् येतं परवा," दत्ता म्हणाला.

तोवर मी झाडांकडं बघत बसले. चिखलातून बोटांसारखी मुळं वर आली होती. त्यातून झाड श्वास घेतं म्हणे. बरोबर सव्वापाचला त्या मुळांशी पाणी आलं, गुपचूप. होडी हलली.

"रोज येतं?" मी विचारलं.

"दिवसातून दोनदा. तुमच्याकडे?"

"आठवड्यातून एकदा. त्याचंबी नक्की नाय," दत्ता म्हणाला.

मामांनी वल्हं थांबवलं. "मग तुमची झाडं काय करतात?"

आता हाच प्रश्न मी तुम्हाला विचारते, मंडळी. उत्तर येतंय का?