दोराचं दुसरं टोक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण शेवटी तुम्हाला माझी कीव येईल आणि ती मला नको आहे.

हिमालयाच्या पायथ्याशी दोन वर्षं राहून मी वन्यजीव संवर्धनाची पदवी घेतली. पप्पा महाडला कचेरीत कारकून. त्यांचा निम्मा पीएफ त्या पदवीत गेला. वीर स्टेशनला उतरलो तेव्हा माझ्याजवळ दोन बॅगा, एक दुर्बीण आणि अख्ख्या जिल्ह्याबद्दलची तुच्छता होती. रिक्षावाल्याने विचारलं, "काय शिकलास?"

"संवर्धन."

"म्हणजे फॉरेस्टात लागणार?"

"नाही."

"मग पगार?"

मी असं काही पाहिलं त्याच्याकडे, की महाड येईपर्यंत त्याने आरसा फिरवून ठेवला.

घरीही तेच. धाकट्या बहिणीला, सुजाताला, हीच पदवी करायची होती. पप्पा म्हणाले, "आधी तुझ्या पदवीचं काय होतं ते बघू दे. मग हिची फी भरायची का ते ठरवतो." पगार, पगार, पगार! या लोकांना दुसरं काही दिसतं का? मी म्हटलं, बघाच.

आणि मला काम मिळालं. गिधाडांचा प्रकल्प, सहा महिने, मानधनावर. (मानधन हा शब्द पगार न देण्यासाठीच काढला असावा.) जागा कापडे गावाच्या पुढे, आमच्या आज्याच्या गावात. लोक मेलेली जनावरं पुरतात, म्हणून गिधाडं उपाशी राहतात. तेव्हा ती न पुरता वरच्या उघड्या माळावर नेऊन टाकायची, एवढंच.

आज्याचं घर खालच्या बौद्धवाडीत. ढोरं सगळी वरच्या वाडीत. म्हणून वरच्या वाडीतल्या शाळेच्या व्हरांड्यात सभा घेतली. अर्धा तास बोललो. जांभई सोडून कोणी तोंड उघडलं नाही. शेवटी म्हणालो, "ढोर मेलं की मला फोन करा, मी नेईन." सगळे एकदम ताठ बसले.

पुढच्या रांगेतले धोंडूअण्णा म्हणाले, "तू स्वता येनार?"

"स्वतः येणार."

"आनि घेनार काय?"

"एक रुपयाही नाही."

टाळ्या पडल्या हो. मी डायरीत लिहिलं, 'प्रचंड लोकसहभाग'.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. "साहेब, वासरू गेलं." साहेब! वरच्या वाडीने आमच्या घरातल्या कोणाला आजवर साहेब म्हटलं नव्हतं. चहाही यायचा, ओट्याखाली, कागदी कपात. त्यांच्या हातात कपबश्या, माझ्या हातात कागद. मी खूश, प्लास्टिक टाळतात बघा, केवढी ही पर्यावरणाची जाण!

एकाचा फोन आला, "बैल मेला नाय अजून, पन दुपारपर्यंत होईल. येऊन बसा." आणि मी जाऊन बसलो. तीन वाजता बैल उठला आणि चरायला गेला. मालकाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काम अर्धवट टाकलं.

गिधाड एकही आलं नाही. कावळ्यांनी मात्र अंग धरलं.

आज्याला मी 'पक्ष्यांचं काम आहे' इतकंच सांगितलं होतं. सुजाताच्या फीचा शेवटचा दिवस सोमवार. म्हणून आदल्या रविवारी पप्पांना म्हटलं, या, माझं काम डोळ्यांनी बघा. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले, बरोबर सुजाता, आणि वाटेत काठी टेकत आजाही त्यांच्यासोबत वर आला.

मी तेव्हा धोंडूअण्णांची मेलेली पाडी दोराने रस्त्याकडे ओढत होतो. अण्णा आणि त्यांचे दोन मुलगे पायरीवर उभे राहून 'डावीकडे घे, उजवीकडे घे' सांगत होते.

आज्याला बघून अण्णा मनापासून म्हणाले, "सखाराम, नातू गुनाचा हाय तुझा. माझा बा सांगायचा, तुझा बा बी असाच एका हाकेला यायचा."

तेव्हा कळलं मला. तेव्हा! मेलेली ढोरं ओढणं सोडा, हे याच महाडात आमच्या पणज्यांना सांगितलं गेलं आणि त्यांनी हातातला दोर टाकला. दर मार्चला तळ्यावर निळा झेंडा घेऊन जाणारा, त्याच विषयावर शाळेत भाषण करून पहिलं बक्षीस घेतलेला मी, तोच दोर खांद्यावर घेऊन उभा होतो.

आजा म्हणाला, "माझा बा शाळेत गेला नव्हता. दोर टाकायचा, ह्ये त्याला एका सभेत कळलं. तुला तो उचलायला दोन वर्सं शिकवत होते काय रे?"

पप्पा माझ्या हातातल्या दोराकडे बघत बहुधा पीएफची बेरीज करत होते.

"पण आजा, गिधाडं..."

"जगू देत की गिधाडं. ढोर माळावर गेलंच पायजे. पन न्यायचं कोनी, ह्ये विचारलंस?" मग तो पायरीकडे वळला. "अण्णा, पाडी कोनाची?"

"आमचीच की."

"जगली असती तर दूध कोनी काढलं असतं?"

"आमीच की."

"मग दोराचं दुसरं टोक तुमच्या थोरल्याच्या हातात द्या."

थोरल्याला त्याच क्षणी मुंबईचा फोन आला. धाकट्याची कंबर धरली. शेवटी अण्णांनी स्वतः टोक धरलं, दोन बोटांनी.

तेव्हापासून नियम झाला, एक टोक मालकाने धरायचं. आणि काय आश्चर्य, तेव्हापासून वरच्या वाडीत एकही ढोर मेलेलं नाही! दोन वर्षांच्या पदवीला जमलं नाही इतकं संवर्धन चौथी पास आज्याने एका वाक्यात केलं.

पप्पांनी सोमवारी सुजाताची फी भरली. म्हणाले, "पदवीत खोट नाही. हा रिकामा गेला होता, म्हणून रिकामा आला." अट एकच घातली, जाण्याआधी पंधरा दिवस आज्याकडे राहायचं.

महिनाभराने कॉलेजचा पुढचा फॉर्म ती माझ्याच लॅपटॉपवर भरत होती. 'या क्षेत्रातील तुमचे मार्गदर्शक' या रकान्यात तिने आज्याचं नाव लिहिलं. मी शेजारीच बसलो होतो.

"दादा, मार्गदर्शकांचा मोबाइल नंबर मागतायत. आज्याकडे फोन नाही. तुझा देऊ?"

दे म्हटलं. नाहीतरी त्यावर आता कोणाचा फोन येत नाही.